नमुना आमचा, सातबारा कोणाचा?

अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावरून ३८२ किलो दगड-माती पृथ्वीवर आणली. त्या सगळ्याची २,१९६ नमुन्यांत नोंद झाली आणि प्रत्येक नमुन्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. एखाद्या दगडाची कपची काढली की मूळ क्रमांकाच्या पुढे उपक्रमांक लागतो. अपोलो १५ ने आणलेल्या प्रसिद्ध 'जेनेसिस रॉक'चा क्रमांक आहे १५४१५. त्याची कपची कोणत्या प्रयोगशाळेला दिली, कशासाठी दिली, किती शिल्लक आहे, याचा हिशेब ठेवला जातो. चंद्रावर माणूस राहत नाही. त्या दगडाच्या वतीने जाब विचारणारा कोणी नाही. तरीही त्याची वंशावळ तयार आहे.

आता आपल्या वस्तीत या. रक्ताचे, पाण्याचे, मातीचे नमुने घ्यायला पथके येतात. समाजमंदिरात नाहीतर विहाराच्या ओट्यावर टेबल मांडले जाते. दंडाला पट्टी बांधतात, सुई टोचतात, नळीवर एक चिकटपट्टी लावतात आणि गाडी निघून जाते. नळीवरचा क्रमांक पथकाच्या वहीत असतो. ज्याच्या दंडातून रक्त निघाले त्याच्या हातात कापसाच्या बोळ्याशिवाय काहीही नसते. ते रक्त पुढे कुठे गेले, किती वर्षे ठेवले, आणखी कोणाला दिले, हे विचारायचे तर कोणत्या नळीबद्दल विचारायचे?

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आमच्या मते तो थेट हक्काचा आहे. वैज्ञानिक नमुन्यांना कायमचे ओळख क्रमांक देण्याची व्यवस्था जगभर उभी राहते आहे. ती हवीच. पण त्या नोंदीत नमुना देणाऱ्याचा हक्क लिहिलेला नसेल, तर तो क्रमांक म्हणजे गोदामातल्या मालाचा कोड ठरेल. आंबेडकरी तरुणांनी या व्यवस्थेकडे आत्ताच, तिचे रकाने ठरत असतानाच लक्ष दिले पाहिजे.

कायम क्रमांक म्हणजे काय?

हे समजायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. सातबारा पुरेसा आहे.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा होतो. जमिनीला सर्वे नंबर किंवा गट नंबर असतो. मालक मरतो, जमीन विकली जाते, पीक बदलते, पण नंबर जमिनीला चिकटून राहतो. वाटणी झाली की ४२ चे ४२/१ आणि ४२/२ होतात, म्हणजे मूळ कुठले हे हिस्सा नंबरवरून कळते. एकत्रीकरणात सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, तरी जुन्या-नव्याचा मेळ ठेवावा लागला. आणि प्रत्येक बदल फेरफार नोंदवहीत चढतो.

विज्ञानात हीच अडचण होती. एका संशोधकाने आपल्या दगडाला 'एम-१' म्हटले, दुसऱ्या देशातल्या दुसऱ्यानेही आपल्या दगडाला 'एम-१' म्हटले. एकच दगड तीन प्रयोगशाळांत गेला आणि तीन नावांनी तीन लेखांत छापून आला. दहा वर्षांनी कोणाला निष्कर्ष तपासायचा असेल, तर मूळ दगड सापडत नाही. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ मध्ये शिकायला गेले, त्याच विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेत या शतकाच्या पहिल्या दशकात केर्स्टिन लेनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. त्याचे नाव आयजीएसएन, म्हणजे 'इंटरनॅशनल जिओ सॅम्पल नंबर'. सुरुवातीला तो भूशास्त्रापुरता होता. पुढे खडकांबरोबर इतर नमुनेही आले आणि नावातल्या 'जिओ'च्या जागी 'जेनेरिक' आले. २०११ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०२१ मध्ये 'डेटासाइट' या संस्थेशी करार झाला आणि शोधनिबंधांना जसा डीओआय असतो, तशाच पद्धतीने नमुन्यांनाही क्रमांक मिळू लागले. आजवर सुमारे १ कोटी नमुन्यांना असे क्रमांक मिळाले आहेत.

या क्रमांकामागे इंटरनेटवर एक पान असते. नमुना कशाचा, कुठून घेतला, कोणी घेतला, कधी घेतला, सध्या कुठे ठेवला आहे, कोणत्या मोठ्या नमुन्याचा तो तुकडा आहे, हे त्यावर लिहिता येते. नमुना वापरून संपला तरी पान राहते. जमीन पाण्याखाली गेली तरी जुना उतारा राहतो, तसेच.

आपला याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो पुस्तकी नाही. एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत आम्ही काम करत होतो. हातपंपाच्या पाण्याला वास येत होता. लोकांनी वर्गणी काढली, बाटली भरली, पाणी तपासायला दिले. अहवाल आला. त्यावर लिहिले होते, 'नमुना क्रमांक २, अर्जदाराने आणून दिलेला'. तो घेऊन लोक संबंधित कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "हे पाणी तुमच्याच पंपाचे कशावरून?" आकडे खरे होते, वास खरा होता, मुलांच्या अंगावरचे पुरळ खरे होते. पण बाटली आणि पंप यांना जोडणारा कागद नव्हता. प्रकरण तिथेच थांबले.

कायम क्रमांकाची ताकद इथे कळते. नमुना घेताक्षणी त्याला क्रमांक मिळाला असता, त्या नोंदीत पंपाचे ठिकाण, तारीख, वेळ, साक्षीदार असते आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर तोच क्रमांक छापला गेला असता, तर साहेबांना एवढ्या सहज हात झटकता आले नसते. प्रस्थापितांच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, आपल्याकडे मात्र पुरावा मागितला जातो. ज्यांच्याकडे पुरावा मागितला जातो, त्यांनाच नोंदीची गरज सर्वांत जास्त असते.

म्हणून 'हे मोठ्या विद्यापीठांचे खेळ आहेत, अत्याचार, बेरोजगारी, शिष्यवृत्ती हे आपले प्रश्न' असे म्हणणाऱ्या मित्रांशी आम्ही सहमत नाही. ते प्रश्न आहेतच. पण प्रदूषणाचा, आरोग्याचा, विस्थापनाचा प्रत्येक लढा शेवटी कोणत्या तरी नमुन्यापाशी येऊन थांबतो. तिथे हरलो की मोर्चाही हरतो.

क्रमांक असणे म्हणजे हक्क असणे नव्हे

पण इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. केवळ क्रमांक मिळाला म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची गोष्ट याला पुरेशी आहे.

हेन्रिएटा लॅक्स यांच्यावर १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगाचे उपचार झाले. त्यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता संशोधनासाठी काढून घेतल्या गेल्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी त्या वारल्या. पेशी मात्र प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. पोलिओच्या लसीच्या चाचणीपासून असंख्य संशोधनांत त्या वापरल्या गेल्या. त्या पेशींना 'हेला' हे नाव होते आणि अमेरिकेतल्या पेशीसंग्रहात 'सीसीएल-२' हा क्रमांक होता. क्रमांक सांगितला की पेशी मागवता येत होत्या. पण बाईचे नाव बराच काळ 'हेलन लेन' असे चुकीचे फिरत राहिले, आणि तिच्या कुटुंबाला १९७० च्या दशकापर्यंत या पेशींची माहितीच नव्हती. २०२३ मध्ये तिच्या वारसांचा एका मोठ्या कंपनीशी समझोता झाला, तोवर ७० हून अधिक वर्षे लोटली होती.

नीट पाहा. इथे नोंद होती, क्रमांक होता, साठा होता, पुरवठा होता. नव्हता तो फक्त 'इतर हक्क' हा रकाना. सातबाऱ्यावर तो रकाना असतो. कूळ, बोजा, वाट, विहिरीचा हिस्सा तिथे लिहिला जातो. तो कोरा राहिला तर पिढ्यान्पिढ्या कसणारा माणूस कागदावर अदृश्य होतो. महार वतनाच्या जमिनींचे काय झाले हे ज्यांच्या घरात ऐकायला मिळते, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचे. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार. १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. लोकांना वाटले, मधुमेहाचा अभ्यास होणार. संमतिपत्राची भाषा मात्र मोघम होती. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जमातीतील अंतर्विवाह आणि जमातीचे पूर्वज कुठून स्थलांतरित झाले, अशा विषयांसाठी वापरले गेले. जमातीच्या श्रद्धेनुसार त्यांचा उगम त्याच दरीत आहे. २००३ मध्ये कार्लेटा टिलूसी ही जमातीची तरुणी विद्यापीठात एका प्रबंधाच्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिला कळले की हे आपल्याच लोकांच्या रक्तावरचे काम आहे. तिने प्रश्न विचारला. पुढे खटला उभा राहिला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त जमातीला परत केले.

या सगळ्याची सुरुवात आपल्या समाजातली एक मुलगी त्या खोलीत बसली होती, म्हणून झाली. ती नसती तर? संशोधनाच्या खोलीत आपला माणूस असणे आणि नोंदीच्या वहीत आपला रकाना असणे, या दोन्ही गोष्टी लागतात.

'डुप्लिकेट' नावाची पळवाट

बौद्धांच्या अगदी जिव्हाळ्याचे एक उदाहरण घेऊ. जानेवारी १८९८ मध्ये नेपाळच्या सीमेजवळ पिपरहवा येथे विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. दगडी पेटी निघाली. आत अस्थी, करंडक आणि शेकडो रत्ने होती. एका करंडकावरच्या ब्राह्मी लेखात शाक्यांच्या बुद्धाचा उल्लेख होता. अस्थी सयामच्या राजाला भेट गेल्या. रत्नांचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला. आणि सुमारे पाचवा हिस्सा पेप्पे यांच्याकडे राहिला. कारण काय, तर ती रत्ने 'डुप्लिकेट' होती!

श्रद्धेने अर्पण केलेले प्रत्येक रत्न स्वतंत्र दान होते. पण संग्रहालयाच्या भाषेत एकासारखे दुसरे दिसले की ते 'जास्तीचे' ठरले आणि वाटून टाकता आले. मे २०२५ मध्ये हीच रत्ने हाँगकाँगमध्ये सोदबीज या कंपनीच्या लिलावात निघाली. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये गोदरेज उद्योगसमूहाच्या मदतीने ती भारतात परत आली.

कायम क्रमांकामागची मूळ कल्पना या 'डुप्लिकेट'च्या विरोधात जाते. एकाच पेटीतून निघालेल्या दोन मण्यांना दोन क्रमांक मिळतात, दोघांचा मूळ क्रमांक एकच राहतो, आणि त्यातला एक घराबाहेर गेला तर कोणत्या पेटीतून गेला हे पुसता येत नाही. क्रमांकाने १८९८ चा वसाहतवाद थांबला असता असे आम्ही म्हणत नाही. पण 'हे जास्तीचे आहे' असे म्हणण्याची सोय राहिली नसती.

नोंदवहीची दुसरी बाजू

नोंदीचा आग्रह धरताना तिची दुसरी बाजू आपण विसरता कामा नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्याच नोंदवह्या केल्या. पारधी, कैकाडी यांच्यासारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवून हजेरी लावली. ही नोंद पहाऱ्यासाठी होती. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा गेला, कलंक आजही गेलेला नाही. आणि २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना अटक झालेल्यांचे जैविक नमुने घेण्याचा अधिकार दिला आहे. ती नोंद ७५ वर्षे ठेवता येते. तो संशोधनाचा कायदा नाही. पण ज्या वस्त्यांत पोलिसांची गाडी आधी येते, त्या वस्त्यांना ७५ वर्षांच्या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हर्बर्ट रिस्लेने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड 'शास्त्रीय' ठरवू पाहिली. मोजणाऱ्याचे नाव ग्रंथांत राहिले, ज्यांची नाके मोजली त्यांचे राहिले नाही. बाबासाहेबांनी मात्र आकड्यांकडे पाठ फिरवली नाही. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचेच उपलब्ध आकडे हाती घेतले आणि अस्पृश्यता वंशभेदातून आली हा सिद्धांत खोडून काढला. आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. विज्ञानाला नकार देऊन आपले काही साधत नाही. विज्ञानाचा ताबा एकट्या प्रस्थापितांकडे राहू द्यायचा नाही, हे खरे काम आहे.

आजचे जनुकशास्त्रही हेच सांगते. २०१६ मध्ये भारतीय संशोधकांनी जनुकीय नमुन्यांवरून दाखवले की वरच्या जातींमधली जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा सुमारे ७० पिढ्यांपूर्वी घट्ट झाली. म्हणजे ती सनातन नाही, ती कोणीतरी लादलेली आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात अंतर्विवाह हेच जातीचे मूळ म्हणून दाखवले होते. बरोबर १०० वर्षांनी रक्ताच्या नमुन्यांनी त्या प्रथेचे वय सांगितले. हे नमुने आपल्यासारख्याच शेकडो जाती-जमातींच्या माणसांनी दिलेले असतात. त्यांच्या योगदानाची नोंद व्हायला नको?

मग आपली मागणी काय?

काही जण म्हणतील, विज्ञान सगळ्यांचे असते, त्यात समाजाचा रकाना कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. आम्ही नळीवर जात लिहा म्हणत नाही. उलट, व्यक्तीचे नाव आणि जात सार्वजनिक पानावर कधीही येता कामा नये. ती कुलपात राहावी. पण संमती कोणी दिली, कशासाठी दिली, तिची मर्यादा काय, हे उघड असले पाहिजे. २०१६ मध्ये जगभरच्या संशोधकांनी माहिती सापडावी, मिळावी, जुळावी, पुन्हा वापरता यावी म्हणून 'फेअर' तत्त्वे मांडली. २०१९ मध्ये आदिवासी समाजांच्या प्रतिनिधींनी त्यांना 'केअर' तत्त्वांची जोड दिली. सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती ही ती चार तत्त्वे. भारतातही आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमुना देणारी व्यक्तीच त्याची मालक आणि संस्था केवळ विश्वस्त, अशी भूमिका आहे. म्हणजे आपण नवीन काही मागत नाही. कागदावर जे मान्य आहे ते नळीपर्यंत पोहोचवा, एवढेच म्हणतो.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. संशोधनासाठी नमुना घेतानाच देणाऱ्याला मराठीत पावती द्यावी. तिच्यावर नमुन्याचा क्रमांक, संस्थेचे नाव, उद्देश आणि संपर्क असावा.

२. त्या क्रमांकावरून देणाऱ्याला आपल्या नमुन्याची स्थिती कळावी, म्हणजे तो कुठे आहे, वापरला की संपला हे समजावे.

३. ठरलेल्या उद्देशाबाहेर वापर करायचा असेल, तर आधी विचारावे. जमिनीच्या फेरफारात हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकत घेता येते. रक्ताची किंमत जमिनीपेक्षा कमी आहे काय?

४. एका नमुन्याचे तुकडे करून दुसऱ्या संस्थेला दिले तर प्रत्येक तुकड्याला मूळ क्रमांकाशी जोडलेला क्रमांक असावा. 'जास्तीचे' म्हणून काहीही वाटले जाऊ नये.

५. नमुना परत करणे किंवा सन्मानाने नष्ट करणे याचा रकाना सुरुवातीपासून भरलेला असावा.

६. वस्तीतील पाणी, माती, हवा यांचे नमुने घेताना वस्तीच्या प्रतिनिधीची सही आणि क्रमांकाची प्रत बंधनकारक असावी.

या मागण्या करताना आपल्या घरातही डोकावू. आज आपली मुले-मुली भूशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य शिकत आहेत. त्यांच्या प्रबंधांसाठी तीही नमुने गोळा करतात. त्यांनी पहिल्या दिवसापासून ही शिस्त पाळावी. मार्गदर्शकाला विचारावे, आपल्या नमुन्यांना कायम क्रमांक का नाहीत? संस्थेच्या नीतिसमितीत समाजाचा प्रतिनिधी म्हणून कोण बसतो, हेही विचारावे. आणि वस्तीत पथक आले तर कार्यकर्त्याने खुर्च्या मांडण्याच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. याचा नंबर काय? आणि तो आमच्याकडे का नाही?

महाडला १९२७ मध्ये पाण्यावरचा हक्क ओंजळीने सिद्ध करावा लागला. आज त्याच पाण्याची बाटली प्रयोगशाळेत जाते, तेव्हा तिच्यावरचा हक्क नोंदीने सिद्ध करावा लागेल. शिका म्हणजे ही नोंद वाचायला शिका. संघटित व्हा म्हणजे ती एकत्र तपासा. आणि रकाना कोरा दिसला, तर तो भरून घेईपर्यंत संघर्ष करा.

जय भीम!